कॉर्डलेस हॅमर ड्रिल : वापर आणि बचाव

कॉर्डलेस हॅमर ड्रिल हे बॅटरीवर चालणारे, पिस्तुलाच्या आकाराचे हातयंत्र असून त्याने वीट, सिमेंट आणि काँक्रीट यांच्या भिंतींना भोके पाडतात. भोक पाडण्याचे कारण सहसा किरकोळ असते. घड्याळ, पडद्याचा दांडा, मसाल्याच्या बरण्यांची फळी किंवा आजोबांची तसबीर यांपैकी काहीतरी टांगायचे असते. पुढे घड्याळ बंद पडते, पडदे बदलतात, तसबिरीच्या जागेवरून भावंडांत चर्चा होते. भोक मात्र राहते आणि त्यावर कॅलेंडर लावावे लागते.

वायरच्या ड्रिलला एक मोठा गुण होता, जो कुठल्याही माहितीपत्रकात छापला गेला नाही. ते लगेच सुरू करता येत नसे. आधी एक्स्टेन्शन बोर्ड शोधावा लागे. तो सापडला की त्याची जाड पिन हॉलमधल्या कोणत्याच सॉकेटात बसत नाही हे कळे, आणि तो स्वयंपाकघरातून ओढत आणावा लागे. एवढ्या अवधीत घरातले निदान एक माणूस विचारत असे, ‘‘त्या भिंतीतून बाथरूमचा पाइप गेलाय ना?’’ कॉर्डलेस ड्रिलने हा अवधीच काढून टाकला. इच्छा आणि भोक यांच्यामध्ये आता फक्त एक ट्रिगर असतो. या यंत्राच्या सुरक्षित वापराचे बहुतेक नियम बारकाईने पाहिले, तर ते गेलेला तो अवधी या ना त्या रूपाने परत आणण्यासाठीच केलेले दिसतात.

विजेवर चालणाऱ्या ड्रिलचे पहिले पेटंट १८८९ साली ऑस्ट्रेलियात मेलबर्नला घेतले गेले. १८९५मध्ये श्टुटगार्टच्या फाइन बंधूंच्या कारखान्याने हातात धरता येण्याजोगे ड्रिल तयार केले. पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाने दाबायचा ट्रिगर ही ब्लॅक अँड डेकर या अमेरिकन कंपनीची कल्पना. तिचे पेटंट १९१७चे. याच कंपनीने १९६१ साली बॅटरीवरचे ड्रिल बाजारात आणले. कॉर्डलेस ड्रिल नासाने शोधले, असे दुकानात ठासून सांगितले जाते. ते खरे नाही, पण अगदी निराधारही नाही. तो संबंध भुकटीच्या प्रकरणात येईल.

यंत्राच्या पोटात, भोक पाडणारे बिट धरणाऱ्या चकच्या मागे, दोन दातेरी चकत्या समोरासमोर बसवलेल्या असतात. हॅमरची खूण निवडली की एकीचे दाते दुसरीच्या दातांवरून घसरू लागतात आणि प्रत्येक घसरणीला बिट किंचित पुढे आपटते. १८ व्होल्टच्या सर्वसाधारण यंत्रात असे ठोके मिनिटाला २५ ते ३० हजार पडतात. त्यासाठी यंत्र भिंतीवर बेताने रेटावे लागते, कारण रेटा नसेल तर चकत्या भिडतच नाहीत. उलट सगळे वजन टाकून रेटल्यास भोक लवकर होत नाही; मोटर तापते, बिट वाकते, आणि भिंत अचानक संपली तर रेटणारा पुढे जातो.

रोटरी हॅमर हे वेगळे यंत्र. त्यात हवेच्या दाबाने एक दट्ट्या बिटाच्या पाठीवर ठोसे देतो. ठोसे कमी, पण दमदार. त्याची बिटे आवळायची नसतात, खोबणीत सरकवून बसवायची असतात. हा फरक पूर्वी मिस्त्रीने जाणला तरी पुरत असे. आता मुंबई-पुण्याच्या नव्या टॉवरांत भिंतीसुद्धा ॲल्युमिनियमच्या साच्यात काँक्रीट ओतून करतात. बांधकामावर त्यांना मायवानच्या भिंती म्हणतात. तिथे साधे हॅमर ड्रिल दहा मिनिटे झुंजवले, तर भोकाच्या जागी एक चकचकीत खळगा तयार होतो. तो टांगण्याच्या उपयोगाचा नसतो. अशा वेळी रोटरी हॅमर भाड्याने आणणे किंवा तो बाळगणाऱ्याला बोलावणे, हाच मार्ग.

चकच्या मागच्या कड्यावर तीन खुणा असतात : स्क्रू, बिट आणि हातोडी. स्क्रूच्या खुणेजवळ १ पासून पुढे आकडे असतात, ते क्लचचे. ठरावीक पीळ झाला की क्लच कर्रकर्र करतो आणि स्क्रू फिरायचा थांबतो. हा आवाज ऐकून यंत्र बिघडले म्हणून परत नेणारे ग्राहक आहेत. खरी गोम पुढे आहे. बिटाच्या आणि हातोडीच्या खुणेवर बहुतेक यंत्रांत हा क्लच कामच करत नाही. बिट काँक्रीटमधल्या सळईत अडकले की चक थांबतो, पण मोटर थांबत नाही. मग चक फिरायच्या ऐवजी उरलेले यंत्र फिरते, आणि त्याच्याबरोबर त्याला धरलेले मनगट. घरगुती १८ व्होल्टच्या ड्रिलचा पीळ पहिल्या गिअरमध्ये ५० ते ६० न्यूटन-मीटर असतो. म्हणजे मीटरभर दांड्याच्या टोकाला पाच-सहा किलो वजन लटकवावे, एवढा. ड्रिलची मूठ मात्र जेमतेम वीतभर. त्यामुळे हातावर तोच झटका पंचवीस-तीस किलोंचा बसतो आणि तोही कसलीही पूर्वसूचना न देता. यासाठी यंत्राबरोबर बाजूला लावायची एक मूठ दिलेली असते. ती पुष्कळ घरांत वॉरंटी कार्डासोबत प्लास्टिकच्या पिशवीत सुरक्षित असते. तिची जागा यंत्रावर आहे. दोन हात दोन मुठींवर, कोपर अंगाजवळ, पाय अंतर ठेवून. असे उभे राहिलेल्याचे मनगट सहसा शाबूत राहते.

ट्रिगरच्या वर उलट-सुलट दिशेचे बटण असते. ते मधोमध ठेवले की ट्रिगर दाबला जात नाही. मधली ही जागा घराघरांत दुर्लक्षित आहे. बिट बदलताना, शिडी चढताना, यंत्र दुसऱ्याच्या हातात देताना बटण मध्ये असावे, आणि बिट बदलताना बॅटरीच काढून ठेवावी. वायर काढलेले ड्रिल निर्जीव आहे, हे लांबूनही दिसत असे. कॉर्डलेस यंत्र टेबलावर गप्प पडलेले असतानाही पूर्ण जागे असते आणि त्याचा ट्रिगर लहान मुलांच्या बोटाला फार आवडतो. एका हाताने चक घट्ट धरायचा आणि दुसऱ्याने ट्रिगर दाबून बिट आवळायचे, ही करामत काही सुतार सफाईने करतात. पाहून ती शिकू नये.

भिंतीची निवड सहसा करता येत नाही. जी असेल तिची ओळख मात्र करून घेता येते. पक्क्या विटेवर हॅमर चालतो. पोकळ सिमेंट ब्लॉकमध्ये हॅमरने आतली पातळ भिंत फुटते आणि प्लग पोकळीत पडून कायमचा खुळखुळत राहतो. सायपोरेक्सच्या हलक्या ब्लॉकची भिंत तर आतून रव्याच्या केकसारखी असते. तिला हॅमर लावल्यास सहा मिलिमीटरचे भोक पाहता पाहता दहाचे होते. तिथे साधे ड्रिल, धारेचे बिट आणि हलक्या ब्लॉकसाठी मिळणारा खास प्लग लागतो. जुन्या वाड्यांच्या मातीच्या भिंतींना ड्रिल लावण्यापेक्षा खुंटी कुठे होती ते वडीलधाऱ्यांना विचारणे फायद्याचे. टाइलवर आधी हॅमर बंद, चिकटपट्टीची फुली, भाल्याच्या टोकाचे काचेचे बिट आणि मंद गती. टाइल पार झाली की मगच मागच्या भिंतीसाठी बिट बदलून हॅमर. बीम आणि कॉलम यांच्या वाटेला जायचे नाही. सळई लागली तर तिच्याशी भांडायचे नाही, चार बोटे सरकून नवे भोक पाडायचे. इमारत त्या सळईवर उभी आहे, तसबीर नाही.

भिंतीच्या आत काय आहे, हा प्रश्न याहून गंभीर आहे. शिरस्ता असा की विजेची नळी स्विचबोर्डापासून सरळ वर किंवा सरळ खाली जाते, आणि आडवी गेली तर छताजवळून. म्हणून प्रत्येक बोर्डाच्या वर-खालचा पट्टा वर्ज्य मानायचा. प्रत्यक्षात वायरमनला घाई असते, नळीचे पैसे कंत्राटदाराच्या खिशातून जातात, आणि गिलाव्याखाली कोणीतरी तिरका चर मारलेला निघतो. पाण्याच्या पाइपाचेही तेच. नळाच्या आणि गीझरच्या रेषा सरळ धराव्यात, पण त्यांच्या सज्जनपणावर विसंबू नये. बाथरूमच्या भिंतीची दुसरी बाजू अनेकदा बेडरूम असते, आणि नेमके तिथेच कुणाला तरी आरसा हवा असतो. तारा आणि धातू हुडकणारे छोटे यंत्र मिळते, ते ड्रिलच्या किमतीच्या मानाने स्वस्त असते. मात्र प्लास्टिकचा पाइप साध्या यंत्राला दिसत नाही. नवे घर घेणाऱ्यांनी गिलाव्याआधी उघड्या चरांचे फोटो काढून ठेवावेत. वास्तुशांतीच्या फोटोंपेक्षा त्यांचा उपयोग जास्त दिवस होतो.

इथे कॉर्डलेस ड्रिलचा खरा फायदा सांगितला पाहिजे. त्या खोलीचा एमसीबी पाडून, घरातली वीज बंद ठेवून भोक पाडता येते. वायरच्या ड्रिलला ही सोय नव्हती. ज्या विजेची भीती तीच त्याला लागत असे. तारेत बिट घुसले तर धातूचा चक जिवंत होतो आणि २३० व्होल्ट बोटांपर्यंत यायला वेळ लागत नाही. एवढा मोठा फायदा हाताशी असूनही तो क्वचित घेतला जातो, कारण पंखा बंद होतो आणि मालिका चालू असते. ज्या घरात इन्व्हर्टर आहे तिथे आणखी एक मेख असते. मेन स्विच पाडल्यावरही इन्व्हर्टरच्या तारा चालूच राहतात, आणि दिवा विझला नाही म्हणून आनंद मानला जातो. इन्व्हर्टरही बंद करून, टेस्टरने खात्री करून मगच भिंतीकडे वळायचे. एमसीबी हा तारेच्या रक्षणासाठी असतो. माणसाच्या रक्षणासाठी ३० मिलीॲम्पिअरचे आरसीसीबी असते. ते घरात आहे का, हे भोकाच्या आधी पाहिलेले बरे.

पोशाखाबद्दल थोडक्यात. फिरणारा चक जे मिळेल ते गुंडाळतो : पदर, ओढणी, मोकळे केस, मंगळसूत्र, सदऱ्याची लोंबती बाही. लुंगीचा सोगा शिडीवर वेगळाच घात करतो. सैल कापडी हातमोजे यातच मोडतात. ते घातल्याने हात सुरक्षित वाटतात आणि चकला पकडायला सोपे जातात. चष्मा म्हणजे गॉगल नव्हे. चष्म्याच्या बाजूने येणारा काँक्रीटचा कण नंबर विचारत नाही, म्हणून बाजू बंद असलेला गॉगल चष्म्यावरून चढवायचा. दिसायला तो विचित्र असतो, पण त्या वेळी घरातले कोणी तोंडाकडे पाहत नसते.

उभे राहण्यासाठी शिडी किंवा रंगाऱ्यांचा घोडा लागतो. प्लास्टिकची खुर्ची, तिच्यावर पाट, पाटावर टेलिफोन डिरेक्टरी, ही रचना डिरेक्टरी छापणे बंद झाल्यापासून मोडकळीस आली असली तरी तिचे इतर अवतार चालू आहेत. बॅटरीसह दीड-दोन किलोंचे यंत्र डोक्याच्या वर धरून रेटले की तेवढाच रेटा शिडीला मागे मिळतो. म्हणून भोक छातीच्या उंचीला येईल इतके वर चढावे. खाली शिडी धरायला एक माणूस हवा. तो एकच असावा. घरात साधारणपणे तीन जमतात आणि तिघांच्याही मते फ्रेम थोडी डावीकडे हवी असते, पण तिघांची डावी बाजू एक नसते. फुली मारण्याआधी ही चर्चा संपवून घ्यावी. बिट भिंतीत गेल्यावर आलेली सूचना कितीही रास्त असली तरी ऐकायची नाही, कारण मान वळली की यंत्रही वळते.

आता प्रत्यक्ष भोक. पेन्सिलीची फुली, तिच्यावर खिळ्याने हलकी खूण. सहाच्या प्लगला सहाचेच बिट, आणि भिंतीसाठी टोकाला कार्बाइडचा तुकडा बसवलेले. लाकडाचे बिट काँक्रीटला लावल्यास ते एकदाच वापरता येते. प्लगच्या लांबीहून अर्धा-पाऊण सेंटिमीटर पुढे मोजून बिटावर रंगीत टेप गुंडाळायचा. यंत्र भिंतीशी काटकोनात. पहिले काही क्षण ट्रिगर अर्धा, म्हणजे बिट गिलाव्यावर नाचत नाही. जागा धरली की गती वाढवायची. दर दोन-तीन सेकंदांनी बिट फिरतेच ठेवून थोडे बाहेर काढायचे, भुकटी झटकून पुन्हा आत न्यायचे.

ही बाहेर काढण्याची पायरी अनेकांना वेळखाऊ वाटते. तिचे महत्त्व चंद्रावर सिद्ध झालेले आहे. १९७१ साली अपोलो १५च्या डेव्हिड स्कॉट यांनी चंद्राच्या पोटातली उष्णता मोजण्यासाठी बॅटरीवर चालणाऱ्या, फिरत फिरत ठोके देणाऱ्या ड्रिलने, म्हणजे वंशाने हॅमर ड्रिलनेच, तिथे भोके पाडायला घेतली. ड्रिलचे यंत्र बनवण्यात ब्लॅक अँड डेकरचा हात होता. दुकानातल्या दंतकथेचे मूळ ते हेच. भोक सुमारे तीन मीटर जायचे होते, ते निम्म्याच्या आसपास अडले. दांड्याच्या सांध्यांवर पीळदार खाचा नीट जुळत नव्हत्या आणि उडालेली भुकटी वर येण्याऐवजी तिथेच दाटून बसत होती. मातीचा नमुना घेण्यासाठी खोल रोवलेली दुसरी नळी तर स्कॉट आणि जेम्स अर्विन या दोघांनी मिळून, खांदे लावून उपसली. त्यात स्कॉट यांचा खांदा दुखावला. पुढच्या मोहिमेसाठी दांडे सुधारण्यात आले. गुरुत्वाकर्षण एक षष्ठांश, शेजारी कोणी नाही, भिंतीत पाइप नाही, तरी ही अवस्था. मग दादरच्या तिसऱ्या मजल्यावर भुकटी झटकायला कमीपणा वाटायचे कारण नाही.

बिट अडकलेच तर ट्रिगर सोडायचा, दिशा उलट करायची, सावकाश बाहेर घ्यायचे. बाहेर आलेले बिट झाले का गार म्हणून बोटाने पाहायचे नाही. ते झालेले नसते.

भुकटी निघते ती सगळी खाली पडत नाही. वाळू आणि काँक्रीट यांच्या अतिबारीक धुळीत स्फटिकी सिलिका असते. ती वर्षानुवर्षे फुप्फुसात जात राहिली तर सिलिकोसिस होतो, आणि त्यावर बरे करणारा इलाज नाही. दगडखाणीत राबणाऱ्यांचा हा जुना आजार आहे. अमेरिकेत कामाच्या ठिकाणी आठ तासांच्या पाळीत घनमीटर हवेमागे ५० मायक्रोग्रॅम अशी या सिलिकेची मर्यादा आहे. दिवाळीपूर्वी दोन भोके पाडणाऱ्याला हा रोग होत नाही. रोज पन्नास भोके पाडणाऱ्या, तोंडाला रुमाल बांधलेल्या कामगाराला होऊ शकतो, आणि रुमाल ही धूळ अडवत नाही. एन-९५ मास्क अडवतो. करोनाकाळातले मास्क कपाटात असतील तर ते काढावेत, आणि घरी ड्रिल मारायला आलेल्या माणसालाही एक द्यावा. चहा तर देतातच. खाली पडणाऱ्या भुकटीसाठी जुनी लग्नपत्रिका अर्धी दुमडून भोकाखाली टेपने चिकटवतात. जाड कागदाच्या, सोनेरी वर्खाच्या पत्रिका या कामाला विशेष चांगल्या. फक्त ज्यांच्या घरची पत्रिका आहे ते त्या दिवशी येणार नाहीत, एवढे पाहावे लागते.

आवाज हा या यंत्राचा सर्वांत सामाजिक गुण. काँक्रीटवर चालणाऱ्या हॅमर ड्रिलचा आवाज वापरणाऱ्याच्या कानाशी १०० डेसिबलच्या घरात जातो. अमेरिकेच्या नियॉश या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबल आठ तास चालतात, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. त्या हिशेबाने १००ला पंधरा मिनिटे. कानात बोळे किंवा कानांवर मफ हवेत. शेजाऱ्यांचा हिशेब डेसिबलमध्ये होत नाही. भारतातल्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्री १० ते सकाळी ६ ही रात्र धरली आहे. सोसायटीच्या नियमांत तिच्या जोडीला दुपारही असते, आणि वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या नियमांत रविवारची सकाळसुद्धा. भोके एकाच वेळी, आधी सांगून पाडली तर तक्रार एकदाच येते. पाच भोके पाच दिवसांत वाटली की इमारतीत ‘कायम कोणीतरी ठोकत असतं’ असे मत तयार होते, आणि ते पुढच्या वार्षिक सभेच्या इतिवृत्तात जाते.

शेवटी बॅटरी. १८ व्होल्टच्या बॅटरीत ३.६ व्होल्टचे पाच लिथियम-आयन सेल जोडलेले असतात. तेच पाच पूर्ण भरले की क्षणभर वीस व्होल्ट दाखवतात, म्हणून काही खोक्यांवर २० छापतात. जास्तीचे दोन व्होल्ट छपाईत खर्च होतात. बॅटरी तिच्याच चार्जरवर, समोर लक्ष असताना, गादी-पडद्यापासून लांब भरायची. काम संपल्याबरोबर तापलेली असताना लगेच लावायची नाही. उन्हाळ्यात बंद मोटारीत ठेवायची नाही. पडून फुटलेली, फुगलेली किंवा ओली झालेली बॅटरी ‘अजून चालतेय’ म्हणून भरणे हा कॉर्डलेस ड्रिलच्या सर्व धोक्यांत सर्वांत शांतपणे होणारा धोका आहे. सुटी बॅटरी स्क्रू आणि खिळ्यांच्या डब्यात टाकली की तिची टोके जुळून ती तिथल्या तिथे तापू शकते. कपाटात यंत्र आणि बॅटरी वेगवेगळी ठेवावीत. शेजारी मागायला आले तर बाजूची मूठ आणि गॉगलही सोबत द्यावेत. बॅटरी देताना ती पूर्ण भरलेली आहे असे मोठ्याने सांगावे. परत येताना ती रिकामी असते.

निकामी बॅटरी घंटागाडीत टाकत नाहीत. दाबली गेली तर ती पेट घेते, आणि आजूबाजूला कागद भरपूर असतो. टोकांवर चिकटपट्टी लावून ती वेगळी ठेवायची आणि ई-कचरा संकलनाच्या ठिकाणी किंवा विक्रेत्याकडे द्यायची. २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी अशा बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे. विक्रेत्याने हात वर केले तर त्याला हे सांगता येते. त्यावर तो बहुधा नवी बॅटरी दाखवतो.